फ्रेटलेस बास विकायची, पण कशासाठी?

पत्राचा सारांश: गोव्याच्या फोंडा तालुक्यातील अठ्ठावन्न वर्षांचे एक वाचक लिहितात की बँकेतली नोकरी सांभाळून त्यांनी अनेक वर्षे बास गिटार वाजवली. जत्रेच्या ऑर्केस्ट्रात वाजवली, लग्नांत वाजवली आणि सर्वांत आवडीने भावगीतांच्या व नाट्यगीतांच्या कार्यक्रमांत साथीला वाजवली. बोटीवरच्या बँडमधून परतलेल्या बार्देशातील एका वादकाकडून त्यांनी 1994 साली जपानी बनावटीची एक फ्रेटलेस बास, म्हणजे दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या (फ्रेट) नसलेली बास, घेतली. त्यासाठी सोसायटीचे कर्ज काढले. पुढे साथीदार पांगले. कोणी आखातात गेले, कोणी पोर्तुगालचा पासपोर्ट काढून इंग्लंडला गेले. इकडे कीबोर्डवाला डाव्या हाताने बास भागवून नेऊ लागला आणि बासवाल्याला बोलावणी येईनाशी झाली. गेली सहा वर्षे गिटार पलंगाखाली आहे. मुलगा पुण्यात असतो, त्याला रस नाही. मडगावचा एक तरुण वादक ती विकत घ्यायला तयार आहे, पण तो तिच्यावर फ्रेट बसवून घेणार आहे. पैशांची नड नाही. पावसाआधी कौले परतायची आहेत, एवढेच. पत्नीचे म्हणणे, "विकू नका, पण पलंगाखालीही ठेवू नका." शेजारच्या एका मुलाने अलीकडे "काका, वाजवून दाखवा" म्हटले, तेव्हा सूरच लागेना आणि त्यांनी दोन मिनिटांत गिटार परत ठेवून दिली. ते विचारतात: जे वाद्य मी वाजवत नाही ते अडवून ठेवण्याचा मला अधिकार आहे का, आणि विकल्यावर त्याचे रूप बदलले तर ते मी कसे सोसू?

सप्रेम नमस्कार.

तुम्ही दोन प्रश्न विचारले आहेत आणि दोन्हींची उत्तरे मी देणार आहे. पण पत्र वाचताना मी थांबले ती शेजारच्या मुलाच्या प्रसंगापाशी. सहा वर्षे ती गिटार पलंगाखाली असताना तुम्हाला विकण्याचा विचार सुचला नाही. तो सुचला त्या दोन मिनिटांनंतर. पैशांची नड नाही असे तुम्हीच लिहिता, घरात जागेची अडचण असल्याचेही कुठे लिहिलेले नाही. मग आताच का, याचे उत्तर मला त्या प्रसंगात दिसते. आपल्याच हातातून बेसूर स्वर निघाला, तोही एका लहान मुलासमोर, आणि त्याची तुम्हाला लाज वाटली. लाज वाटणे मी समजू शकते. तिच्या भरात वाद्य विकायला काढणे मात्र मला योग्य वाटत नाही, कारण त्या दिवशी निम्मी चूक तुमची नव्हतीच, असा माझा अंदाज आहे.

हे सविस्तर सांगते, म्हणजे ज्या वाचकांनी हे वाद्य हाताळलेले नाही त्यांनाही ते कळेल. फेंडर कंपनीने 1951 साली जी इलेक्ट्रिक बास बाजारात आणली तिला 'प्रिसिजन' हे नाव दिले, कारण उभ्या डबल बासवर वादकाला कानाने शोधावा लागणारा स्वर इथे धातूच्या फ्रेटमुळे नेमका मिळत होता. बोट फ्रेटच्या मागे कुठेही पडले तरी तार फ्रेटवरच टेकते आणि स्वर ठरलेला येतो. ही सोय काढून टाकलेली फ्रेटलेस बास अँपेग कंपनीने 1966 साली आणि फेंडरने 1970 साली बाजारात आणली. सत्तरच्या दशकात जॅको पॅस्टोरियस या अमेरिकन बासवादकाने ती जगभर पोहोचवली. फ्रेट गेले की स्वराची सगळी जबाबदारी बोटावर आणि कानावर येते. नट (दांडीच्या वरच्या टोकाची तारांची टेकणी) ते ब्रिज (बॉडीवरची तारांची टेकणी) हे अंतर 34 इंच असलेल्या बासवर पहिल्या अर्ध्या स्वरासाठी सुमारे 48 मिलिमीटर जागा मिळते, पण बाराव्या अर्ध्या स्वराजवळ तेच अंतर जेमतेम 25 मिलिमीटर उरते. तिथे बोट तीन मिलिमीटर सरकले तरी जाणत्या कानाला ते खटकते. त्या बदल्यात सारंगी-व्हायोलिनसारखी मींड मिळते आणि तार थेट लाकडाला घासून उमटणारा, हळूहळू उमलत जाणारा स्वर मिळतो. नाट्यगीत गाणारा काळी दोनमध्ये षड्जावरून पंचमाकडे घसरत जातो, तेव्हा त्याच्याखाली त्याच वळणाने जाणारी बास फ्रेटवर जमत नाही. तुम्ही भावगीतांच्या साथीला हेच वाद्य का निवडले असेल, हे उघड आहे.

आता पलंगाखालच्या सहा वर्षांकडे पाहू. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. गिटारच्या लाकडाला पन्नास टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता मानवते, आपल्याकडे पावसाळ्यात ती कित्येक दिवस ऐंशीच्या खाली येत नाही. अशा हवेत नेकचे, म्हणजे गिटारच्या लांब दांडीचे, लाकूड फुगते आणि चार तारांच्या सत्तर-ऐंशी किलोच्या ताणाखाली धनुष्यासारखे वाकते. नेक वाकली की तारा फिंगरबोर्डपासून (नेकवरची, बोटे दाबायची लाकडी पट्टी) वर उचलल्या जातात, मग त्या दाबायला जास्त जोर लागतो आणि जोराने दाबलेली तार ताणली जाऊन स्वर चढतो. तारांवर गंज आणि मळ बसलेला असतो तो वेगळाच. अशी तार सगळीकडे सारखी जड राहत नाही, त्यामुळे ती वाजवणारा कितीही तयारीचा असला तरी वरच्या भागात खोटीच बोलते. सहा पावसाळे काढलेल्या तारांवर, नीट जुळवून न घेतलेल्या नेकवर, रियाज सुटलेल्या बोटांनी तुम्ही दोन मिनिटे वाजवले आणि त्यावरून आपले वादन संपले असा निकाल दिला. इतक्या कमी पुराव्यावर तुम्ही बँकेत कोणाचे खातेसुद्धा बंद केले नसते.

म्हणून माझा पहिला आग्रह असा की विकायची असो वा ठेवायची असो, गिटार आधी दुरुस्त करून घ्या. गिटारचे काम जाणणाऱ्या माणसाकडून ट्रस रॉड जुळवून घ्या, नटाची आणि ब्रिजची उंची तपासून घ्या, आवाजाच्या बटणांत खरखर येत असेल तर ती साफ करून घ्या, जॅक ढिला असेल तर बदला. ट्रस रॉड हा नेकच्या आत बसवलेला पोलादी दांडा असतो आणि तारांच्या ताणाला तो उलट ताण देतो. अंदाजाने पिळला तर तुटतो किंवा नेक कायमची बिघडते, तेव्हा हे काम घरी करू नका. तारा बदलताना फ्लॅटवाउंड घ्या. त्यांचा पृष्ठभाग सपाट असल्यामुळे फिंगरबोर्डचे लाकूड कमी झिजते आणि जुन्या गाण्यांच्या साथीला त्यांचा गोल आवाज शोभतो. फिंगरबोर्ड कोऱ्या लाकडाचा असेल तर पुसून तेलाचा अगदी पातळ हात द्यावा, त्यावर लॅकर किंवा इपॉक्सीचा थर असेल तर तेल लावू नये. ज्या वाचकांच्या बासमध्ये बॅटरी असते त्यांनी ती काढून ठेवावी. पावसाळ्यात ती पाझरली की आतले सर्किट खाते.

यानंतर निदान दोन महिने रोज थोडा वेळ वाजवा. जुनी गाणी लगेच काढू नका, कारण तुमच्या आठवणीत ती तुमच्या उत्तम दिवसांतल्या सफाईने वाजत असतात आणि आजच्या बोटांना ती तुलना झेपणार नाही. मोबाइलवर तानपुरा लावा, मोकळी तार छेडा, मग तिचा वरचा षड्ज लावा, मग पंचम, आणि स्वर तानपुऱ्यात मिसळून जाईपर्यंत पुढे जाऊ नका. नेकच्या कडेवरच्या खुणांकडे पाहत बसू नका. डोळ्यांनी शोधलेला स्वर नेहमी थोडा उशिरा पोहोचतो. अ‍ॅम्प लहान असेल तर हेडफोन वापरा, कारण सर्वांत खालचा ई सुमारे 41 हर्ट्झचा असतो आणि चिमुकल्या स्पीकरला तो पेलत नाही. जे ऐकूच येत नाही ते सुरात आहे की नाही, हे कोणाला कळणार?

तुमच्या पत्रात आणखी एक गोष्ट लक्षात येते. गिटारचे वर्णन तुम्ही दोन वाक्यांत उरकले आहे, साथीदारांविषयी मात्र पानभर लिहिले आहे: कोण कुठे गेला, तबलजी कुठल्या गाण्यात हसायचा, कार्यक्रमानंतर पहाटे कुठल्या गाड्यावर सगळे भजी खायला थांबायचे. ही गिटार तुम्ही वाजवत नाही, याचे मोठे कारण मला तिथे दिसते. बास हे साथीचे वाद्य आहे. सतार एकट्याने वाजवता येते, बास एकट्याने वाजवून पाच-दहा मिनिटांत हात थांबतो, कारण तिच्या स्वराला अर्थ येतो तो दुसऱ्याच्या स्वराखाली. साथ गेली म्हणून तुमचे वाजवणे गेले. विकल्याने साथ परत येणार नाही आणि ठेवल्यानेही आपोआप येणार नाही. ती तुम्हालाच शोधावी लागेल आणि गोव्यात ती मिळवणे इतर ठिकाणांपेक्षा सोपे आहे. तुमच्या गावात किंवा शेजारच्या वाड्यावर भजनी मंडळ असेल, हार्मोनियमवाला असेल. जुने साथीदार चतुर्थीला आणि नाताळला घरी येतात. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताबरोबर भारतीय संगीतही शिकवले जाते, म्हणजे दोन्हीकडचे विद्यार्थी एका आवारात भेटतात. भावगीत गाणारी एखादी मुलगी तुमच्या बासच्या साथीने तासभर गायला तयार झाली, तर तेवढ्याने तुम्हाला पुष्कळ काही कळेल. त्या तासानंतर पुन्हा भेटावेसे वाटले तर गिटार ठेवा. वाजवून आनंद झाला पण परत जावेसे वाटले नाही, तर ती विका आणि मनात कसली टोचणी ठेवू नका.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. जे वाजत नाही ते ठेवण्याचा अधिकार आहे का? आहे. वाद्याचे तुमच्यावर असे काही देणे नाही की तुम्ही ते अखंड वाजवावे किंवा सोडून द्यावे. आपल्याकडे कितीतरी घरांत आजोबांचे व्हायोलिन किंवा आजीची पेटी असते आणि त्या घरांतले लोक काही अपराधी नसतात. मात्र ठेवणे म्हणजे सांभाळणे, आणि इथे तुमच्या पत्नीचे म्हणणे मला पूर्ण पटते. पलंगाखालची जमीन ही पावसाळ्यात घरातली सर्वांत ओल धरणारी जागा असते, त्यातही बाहेरच्या भिंतीलगतचा पलंग असेल तर बघायलाच नको. आतल्या भिंतीला स्टँडवर किंवा भिंतीवरच्या हुकला गिटार लावा, खोलीत आर्द्रता मोजणारा छोटा मापक ठेवा, आणि कठीण केसमध्ये ठेवणार असाल तर सिलिका जेलच्या पुड्या दर काही आठवड्यांनी सुकवून किंवा बदलून घाला. तारा पूर्ण काढून ठेवू नयेत, कारण ट्रस रॉडचा ताण एकटा उरला की नेक उलटी वाकते. डोळ्यांसमोर असलेली गिटार हातात घेतली जाण्याची शक्यताही अधिक, आणि मला वाटते तुमच्या पत्नीच्या मनात तेच असावे. त्यांना एकदा विचारून पाहा.

मुलाचा उल्लेख तुम्ही थोडा खंतावून केला आहे. त्याला रस नाही, हे त्याने सांगितले आहे की तुम्ही धरून चालला आहात, हे पत्रावरून कळत नाही. एकदा सरळ विचारा, "मी ही विकली तर तुला वाईट वाटेल का?" त्याने नाही म्हटले तर ते खरे माना. नातवंडांसाठी म्हणून ठेवू नका. जन्माला न आलेल्या मुलांच्या आवडीवर वाद्य सांभाळत बसणे मला बरे वाटत नाही.

उसने देण्याचा किंवा संस्थेला दान करण्याचा मार्ग तुम्ही ओझरता सुचवला आहे. दान केलेली वाद्ये अनेकदा कपाटात कुलूपबंद होतात, तेव्हा ती नेमकी कोण वाजवणार आहे हे कळल्याशिवाय देऊ नका. उसने देण्याबाबत मी अधिकच सावध आहे: तारा कोणी बदलायच्या, ओरखडा पडला तर काय करायचे, परत कधी मागायची, हे प्रश्न वर्षभरात नात्यात येतात. द्यायचीच असेल तर मुदत आणि अटी कागदावर लिहून द्या.

आता दुसरा प्रश्न, फ्रेटचा. पैसे घेऊन गिटार दिली की तिच्यावर फ्रेट बसवावेत, रंग काढावा की ती तशीच वाजवावी, हे ठरवण्याचा हक्क घेणाऱ्याचा असतो. त्याच्याकडून वचन घेणे शक्य आहे, पण ते त्याच्यावर अन्याय करणारे आहे आणि तुम्हालाही शांत झोपू देणार नाही, कारण मग मडगावला कोणी भेटले की तुम्ही गिटारची चौकशी करत राहाल. विकणाऱ्याला निवड करता येते ती विकण्यापूर्वी. ज्याला फ्रेटलेसच हवी आहे असा माणूस थांबून शोधणे पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

तरी त्या तरुणाला सरळ नकार देण्याआधी एक गोष्ट पाहा. गिटार पालथी करा आणि नेक जिथे बॉडीला मिळते तिथे चार स्क्रूंची चौकोनी पट्टी आहे का, ते बघा. असेल तर नेक सुटी करता येते. त्या तरुणाने त्याच मापाची फ्रेट असलेली दुसरी नेक घेऊन बसवली तर जुन्या फिंगरबोर्डवर करवत चालवावी लागणार नाही. कोऱ्या फिंगरबोर्डवर नव्याने खाचा पाडून फ्रेट ठोकणे हे नाजूक काम आहे आणि चुकले तर नेक वाया जाते, तेव्हा हा मार्ग त्याच्याही सोयीचा आहे. मूळ नेक तुम्ही ठेवून घ्यायची की त्यालाच द्यायची, ते किमतीबरोबर ठरवा. फ्रेट हवेत असे म्हणणाऱ्या वादकाविषयी मन कलुषित करू नका, असेही सांगते. हॉटेलात रोज वेगवेगळ्या गायकांबरोबर, तालीम न करता वाजवणाऱ्याला फ्रेटचा आधार लागतो. त्याने वाजवत राहणे महत्त्वाचे आहे.

किमतीबद्दल तुम्ही जरा मोठ्या अपेक्षेने लिहिले आहे. फ्रेटलेस वाजवणारे थोडे असतात, त्यामुळे त्याच कंपनीच्या फ्रेट असलेल्या बासपेक्षा तिला गिऱ्हाईक सावकाश मिळते आणि कधी भावही कमी येतो. लोक काय भाव सांगतात त्यापेक्षा वस्तू प्रत्यक्ष कितीला गेली, ते दोन-तीन जाणकारांकडून समजून घ्या. सोसायटीचे कर्ज आणि त्या काळातल्या रात्री यांची भर त्या आकड्यात घालू नका, कारण घेणाऱ्याला त्या दिसत नाहीत. गोव्यात पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबरपासून सुरू होतो, वादकांना कामे मिळू लागतात आणि हातात पैसा खेळतो. भर पावसात विकायला काढलेले लाकडी वाद्य त्याच्या वाईट अवस्थेत पाहिले जाते, म्हणून घाई नसलेल्याने तोवर थांबावे. कौलांचा खर्च मात्र या गिटारशी जोडू नका. तो तुमच्या मिळकतीतून होणार असल्याचे तुम्हीच लिहिले आहे.

गोव्याबाहेर, मुंबई-पुण्याला किंवा बेंगळुरूला गिऱ्हाईक मिळाले तर सिरियल नंबर, हेडस्टॉक (नेकचे खुंट्या असलेले टोक), नेकची पाठ, फिंगरबोर्डवरची झीज आणि प्रत्येक ओरखडा यांचे फोटो उजेडात काढून पाठवा. दोष आधी सांगितले की नंतर भांडण होत नाही. आवाजाचा नमुना केबल थेट रेकॉर्डरला जोडून घ्या. पाठवताना कठीण केस वापरा, तारा थोड्या सैल करा, हेडस्टॉकखाली मऊ आधार द्या. त्याहून बरे म्हणजे कोकण रेल्वेने घेणाऱ्याला मडगावला यायला सांगा, वाजवून बघू द्या आणि हातोहात द्या. न पाहता, घासाघीस न करता लगेच पैसे पाठवतो म्हणणाऱ्यापासून सावध राहा. पैसे मिळवण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करायला किंवा यूपीआय पिन टाकायला सांगितले, तर तो माणूस फसवतो आहे. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. विक्रीची साधी पावती करा, तीत सिरियल नंबर, रक्कम आणि दोघांच्या सह्या असाव्यात.

मडगावच्या त्या तरुणाला लटकत ठेवू नका. त्याला या आठवड्यात फोन करून सांगा की गिटारची दुरुस्ती चालू आहे, निर्णय ऑक्टोबरमध्ये होईल, तोवर त्याला दुसरी मिळाली तर त्याने ती खुशाल घ्यावी. आणि वेगळ्या नेकचा पर्याय त्याला आताच कळवा. त्याच्याकडे आधीची एखादी बास असेल, तर कदाचित तिलाच फ्रेटची नेक बसवून त्याचे काम भागेल.